सुटीतली समुद्रशाळा

एप्रिल महिना सरत आला आणि परीक्षा संपल्या, की आपल्या सुशिक्षित घरांतून ठरावीक बेतांना सुरुवात होते. आंब्याची पेटी कधी मागवावयाची, पापड-कुरडया कोणत्या दिवशी घालावयाच्या, गावी किती दिवस राहावयाचे आणि परतीची तिकिटे कोणी काढावयाची, ही चर्चा रंगात आलेली असते. अशा वेळी महाविद्यालयात जाणारी मुलगी हळूच एक छापील कागद पुढे करते. त्यावर मथळा असतो : ‘भूविज्ञान व सागरकिनारा – उन्हाळी अभ्यासवर्ग, पंधरा दिवस.’ खाली शुल्काचा आकडा, सोबत न्यावयाच्या वस्तूंची यादी आणि पालकांच्या सहीसाठी एक रेघ. वडील चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “समुद्र पाहावयास पैसे कशाला भरावयाचे? तो चौपाटीवर फुकट दिसतो!” आणि आई विचारते, “मेच्या उन्हात मुलींना वाळूत कशाला हिंडवावयाचे?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. असे वर्ग मी पुष्कळ वर्षे चालवीत आलो असल्यामुळे त्यांची उत्तरे देणे हे माझे कामच आहे. त्या रेघेवर सही का करावी, हे तर आज मी सांगणारच आहे. परंतु सही करताना मनाशी कोणती एक तयारी ठेवावी, हे मला अधिक आग्रहाने सांगावयाचे आहे. ही दुसरी गोष्ट मला कोणत्याही ग्रंथाने शिकविली नाही. ती एका चुकीने शिकविली, आणि ती चूक माझी स्वतःची होती.

सुटीत समुद्रकाठी शाळा भरविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ पेनिकीज नावाचे एक लहानसे बेट आहे. सन 1873 च्या जुलै महिन्यात तेथे लुई आगासी या वयोवृद्ध शास्त्रज्ञाने एक उन्हाळी शाळा उघडली. हिमनद्यांनी एके काळी युरोपचा मोठा भाग व्यापला होता, हे मत 1840 च्या सुमारास हिरिरीने मांडणारे आगासी ते हेच. बेट आणि 50,000 डॉलर एका व्यापाऱ्याने देणगी म्हणून दिले होते. विद्यार्थी सुमारे पन्नास. त्यांत बहुतेक शाळांतले शिक्षक, आणि त्या काळी नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे त्यांत स्त्रियाही होत्या. आगासींचा कटाक्ष असा, की पुस्तक मिटून ठेवावे आणि वस्तू हाती घ्यावी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते निवर्तले आणि पुढचा एक उन्हाळा काढून शाळाही बंद पडली. परंतु बी वाया गेले नाही. जवळच्याच वुड्स होल या गावी 1888 साली सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, ती आजही उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी गजबजलेली असते. दोनच उन्हाळे टिकलेल्या शाळेचा हा वंशविस्तार लहान म्हणता येणार नाही.

आपल्याकडे अशा वर्गासाठी कोकणासारखी दुसरी जागा नाही. एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र आणि मध्ये थोडक्या मैलांची पट्टी. एवढ्या अरुंद जागेत अग्निजन्य खडक, जांभा, खाडी, खाजण, कडा आणि पुळण हे सर्व धडे एकापाठोपाठ एक मांडून ठेविलेले आहेत.

पहिला धडा घड्याळाचा. आम्ही मुलांची मनगटावरची घड्याळे काही वेळ बाजूस ठेववितो आणि पंचांग उघडावयास सांगतो. आपले कोळीबांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईच्या आसपास पूर्ण भरती किती वाजता येईल ते कळते. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी ओहोटी. रत्नागिरीकडे भरती याहून थोडी आधी येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, या खगोलातल्या गोष्टीचेच हे घरगुती गणित होय. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढ लावतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात विभागली जाते, तेव्हा भांग असते. ज्या मुलांना हे सूत्र पुस्तकातून कधी उमगले नव्हते, ती पहाटे सहा वाजता उधाणाची ओहोटी पाहावयास कंदील घेऊन आपण होऊन निघतात. कारण समुद्र त्या वेळी जेवढा उघडा पडतो, तेवढा पुन्हा पंधरवडाभर पडत नाही.

दुसरा धडा वाळूचा. मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरावी आणि भिंग घेऊन पाहावी. पांढरे कण बहुधा शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचे असतात. सौम्य आम्लाचा थेंब टाकताच ते फसफसतात. काळे, जड कण पाहावेत तो त्यांतले काही लोहचुंबकाला मिशांसारखे चिकटतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या टिटॅनियमयुक्त खनिजाचे असे काळे थर प्रसिद्ध आहेत. ही काळी वाळू डोंगराची मुलगी आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांतून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, घडला. पाऊस आणि ऊन यांनी तो कुजला, त्यातला चुना-सिलिका वाहून गेली, लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिले आणि जांभा झाला. या दगडाला 1807 साली फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारात पाहून ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. आपल्या कोकणातल्या घरांच्या भिंती ज्या चिऱ्याच्या, तोच हा दगड. ज्या मुलीच्या आजोळचे घर चिऱ्याचे आहे, तिला त्या दिवशी आजोळची भिंत नव्याने दिसते.

तिसऱ्या धड्यासाठी हरिहरेश्वरासारखे ठिकाण हवे. यात्रेकरू जेथे प्रदक्षिणा घालतात, तेथेच लाटांनी कड्याचा पायथा कोरून दगडाचे सपाट अंगण केलेले आहे आणि कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडलेली आहेत. खारे पाणी दगडाच्या रंध्रांत शिरते, वाळते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटतो. समुद्र दगडाला लाटेच्या हातोड्याने फोडतो हे सर्वांस ठाऊक असते. तो मिठाच्या चिमटीनेही दगड फोडतो, हे येथे कळते.

चौथा धडा खाडीचा. येथे चपला काढाव्या लागतात. गुडघाभर चिखलात तिवरांची श्वासमुळे सुयांसारखी वर आलेली असतात. चिखलात हवा नाही म्हणून झाडाने नाके वर काढलेली. कांदळवन चिखल धरून ठेवते, माशांच्या पिलांना आसरा देते, वादळाचा जोर काही अंशी सोसते. पण खाडी मुळात आली कोठून? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फात अडकले असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा आपल्या नद्या पुष्कळ पुढे, आज पाण्याखाली असलेल्या भूमीवरून वाहत होत्या. बर्फ वितळले, समुद्र चढला आणि नद्यांच्या मुखांत शिरून बसला. खाडी म्हणजे बुडालेली दरी. हे कळले, की किनारा ही कायमची रेघ नसून चालती रेघ आहे, हा विचार मुलांच्या मनात प्रथम शिरतो.

त्या रेघेची लांबीही स्थिर नाही, हे ऐकून मुले हसतात. भारताच्या किनाऱ्याची लांबी 7,516 किलोमीटर, असे आपण शाळेत पाठ केले. अलीकडच्या मोजणीने ती 11,098 किलोमीटर ठरली आहे. समुद्राने आपल्याला काही नवे दिले नाही. आधीच्या मोजणीत नकाशा ढोबळ होता. नव्या मोजणीत तो बारीक घेतला, म्हणून प्रत्येक खाडीचे वळण हिशेबात आले. उत्तर हे प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून असते. हे वाक्य श्रोत्यांनी क्षणभर लक्षात ठेवावे, कारण माझी चूक याच जातीची होती.

पाचवा धडा मोजणीचा, आणि त्याला लागणारे साहित्य पाहून पालकांचा जीव भांड्यात पडेल. सारख्या उंचीच्या दोन काठ्या आणि एक दोरी. के. ओ. एमरी या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने 1961 साली ही रीत प्रसिद्ध केली. एक काठी जमिनीकडे, दुसरी दोरीच्या अंतरावर समुद्राकडे उभी धरावयाची. पुळण उतरती असल्यामुळे पुढची काठी खाली जाते. मागच्या काठीशी उभे राहून, पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत येईल असे पाहावयाचे. ती नजर मागच्या काठीला जेथे छेदते, तेथपासून काठीच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे तेवढ्या टप्प्यातला उतार. मग पुढे सरकावयाचे. पाण्यापर्यंत पोहोचले, की साऱ्या पुळणीचा छेद कागदावर उतरतो. क्षितिज हीच येथे पाणसळ, आणि तिला भाडे पडत नाही.

आता माझी गोष्ट.

मी स्वतः विद्यार्थी होतो, आणि कोकणातल्या एका लहान गावी आमचा असाच वर्ग मे महिन्यात भरला होता. आम्ही उतरलो होतो एका सद्गृहस्थांच्या पडवीत. त्यांची उमर मुंबईत नोकरीत गेली होती; निवृत्त होऊन त्याच वर्षी ते गावी परतले होते. नोकरीच्या काळात गावी येणे म्हणजे मे महिन्याची रजा, एवढेच. माडांच्या आगराच्या समुद्राकडील टोकास फंडाच्या पैशांतून दोन खोल्या बांधाव्या, असे त्यांच्या मनात होते. आमच्या काठ्या-दोऱ्या पाहून ते रोज संध्याकाळी वाळूत येऊन बसत. एके दिवशी त्यांनी मला विचारले, “तुम्ही शिकलेली मंडळी. मला एवढेच सांगा, समुद्र पुढे येतो आहे की मागे हटतो आहे?”

मी दहा दिवस पुळण मोजीत होतो. वाळू रोज तिळातिळाने वाढत असल्याचे माझे आकडे सांगत होते. शिवाय आणखी एक पुरावा माझ्या नजरेस पडला होता. आपल्या किनाऱ्यावर मर्यादवेल नावाची एक वेल असते; आपट्यासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळट गुलाबी फुले. भरतीच्या पाण्याच्या वर ती पसरते, म्हणूनच बहुधा तिला हे सुरेख नाव मिळाले असावे. ती वेल वाळूवर बरीच पुढे आलेली मी पाहिली होती. मी वहीवरून नजर न उचलता उत्तर दिले, “काका, पुळण वाढते आहे. निश्चिंत बांधा.”

पडवीच्या कोपऱ्यात त्यांच्या वृद्ध वहिनी कोकमे फोडीत बसलेल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते गाव सोडले नव्हते. त्या म्हणाल्या, “बाळा, ती वेल शिमग्यानंतर पुढे धावते आणि आषाढात मागे येते. तू आषाढात ये, मग सांग.” मी हसलो. त्यांचे वाक्य मी वहीत लिहिलेसुद्धा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते मोजमाप नव्हते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. आगराच्या टोकास चिऱ्यांचा एक ढीग होता आणि एक भिंत अर्धी उभी होती. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाने जोत्याखालची वाळू काढून नेली होती. जीवितहानी झाली नाही, कारण खोल्यांवर छप्पर चढावयाचे होते. परंतु माणसाने तीस वर्षांच्या नोकरीतून साठविलेला पैसा दोन रात्रींत समुद्रात गेला. मला शब्द सुचेना. काकांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, “तुम्हाला काय बोल लावावयाचा? मीही जन्मभर मेचाच समुद्र पाहिलेला.” त्या चहाची चव मला अजून आठवते.

श्रोतेहो, माझे आकडे खोटे नव्हते. मेमध्ये पुळण खरोखरच वाढत होती. ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा वारा सुटला, की लाटा उंच आणि एकीवर एक येऊ लागतात. त्यांचे परतणारे पाणी वाळू ओढून नेते आणि काही अंतरावर समुद्रात तिचा बांध रचून ठेवते. पावसाळा संपल्यावर लांब, शांत लाटा तीच वाळू हळूहळू वर आणतात आणि मेपर्यंत पुळण पुन्हा भरते. समुद्राचा हा देण्याघेण्याचा हिशेब वर्षाचा असतो. मी त्यातली केवळ जमेची बाजू पाहिली आणि शिल्लक सांगितली. आणि ज्या बाईंनी खर्चाची बाजू पन्नास पावसाळे डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना मी प्रश्नच विचारला नाही.

त्यानंतर मी वर्ग चालवू लागलो तेव्हा दोन नियम केले. एक, मेमध्ये ज्या रेषेवर काठ्या रोविल्या, त्याच रेषेवर भाद्रपदात, पाऊस ओसरता ओसरता, त्याच विद्यार्थ्यांनी पुन्हा दोन दिवस जाऊन मोजावयाचे. पहिल्या खेपेस मुले कौतुकाने पुळणीचा छेद काढतात. दुसऱ्या खेपेस त्याच कागदावर दुसरी रेघ काढतात, आणि दोन रेघांमधली वाळू कोठे गेली याचा विचार करू लागतात. दुसरा नियम असा, की गावातल्या ज्या माणसाने बाराही महिने तो किनारा पाहिला आहे, मग तो होडीवरचा तांडेल असो की पडवीतली आजी, त्याचे म्हणणे वहीत पहिल्या पानावर लिहावयाचे. आकडा आणि ते म्हणणे जुळले नाही, तर आधी आकड्याची तारीख पाहावयाची.

हा केवळ विद्यार्थ्यांचा प्रश्न नाही. आज समुद्रकाठी घर असावे, अशी इच्छा आपल्यापैकी पुष्कळांना होते आणि जागा पाहावयास आपण जातो तो मेमध्येच! भरतीची रेषा कोठे धरावयाची यावर कायद्याचाही डोलारा उभा आहे. 1991 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा प्रथम नियमनाखाली आणला आणि त्या नियमांत पुढे वेळोवेळी बदल होत गेले. धूप दिसली की आपण दगडांचा बंधारा मागतो. बंधाऱ्यामागची जमीन त्याने कधी वाचतेही. परंतु भिंतीवर आपटून परतलेली लाट पायथ्याची वाळू खणते आणि भिंत जेथे संपते तेथे शेजाऱ्याचे आगर अधिक झिजते. खाडीतून वाळू उपसली, तर किनाऱ्याला मिळणारा पुरवठाच आटतो. त्यावर भर म्हणून, 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटर चढलेली आहे. ही वाढ मेच्या पंधरा दिवसांत कोणासही दिसणार नाही. ती कळली, ती जागोजागी कोणीतरी वर्षानुवर्षे नोंद ठेवली म्हणून. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. ज्यांनी पहिली नोंद केली, त्यांना तिचे फळ दिसले नाही. तरी त्यांनी ती केली.

तेव्हा, कागदावरच्या त्या रेघेवर सही जरूर करावी. उन्हाची काळजी नको. काम पहाटे आणि सायंकाळी चालते, आणि दुपारी मुले पडवीत बसून आकडेमोड करतात. सोबत टोपी, पाण्याची बाटली आणि चिखलात फेकून द्यावे लागले तरी हळहळ वाटणार नाही असे जुने जोडे द्यावे. मुलगी परत येईल ती काळवंडून आणि खिशात वाळू घेऊन. चार दिवस ती घरात भरतीची वेळ सांगत सुटेल, तेही सोसावे.

परंतु पुढे भाद्रपदात, गणपती बोळविल्यानंतर, ती पुन्हा एकदा दोन दिवसांची परवानगी मागेल. तेव्हा कॉलेज चालू असेल, पाऊस अधूनमधून पडत असेल, वाटा निसरड्या असतील, आणि आपल्या तोंडी सहज येईल, “मेमध्ये जाऊन आलीस ना? तोच समुद्र पुन्हा काय पाहावयाचा?”

तो तोच समुद्र नसतो. एवढेच सांगण्यासाठी आज आपला वेळ घेतला.